साकळांक चौसष्ट

दुपारच्या शांततेत स्टीलची वाटी फरशीवर पडली आणि स्वतःभोवती फिरत राहिली. रेणू नुकतीच झोपली होती. मी तिच्या उशाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आईच्या हातून वाटी पडणं नवीन नव्हतं, पण एरवी ती थांबायच्या आत आईचा हात तिच्यावर पडायचा. आज वाटी फिरून फिरून आपली आपणच थांबली.

"आई?"

"काही नाही गं. वाटी कुठे गेली बघ."

वाटी तिच्या पायाशी होती.

आई खिडकीजवळ पाटावर वीतभर गणपती घेऊन बसली होती. तिनं तोंडासमोर हात हलवला. "माशी शिरलीय वाटतं घरात."

माशी नव्हती. मी तिच्या समोर जाऊन बसले.

"एक काळा धागा खाली उतरतोय," ती म्हणाली. "आता दोन झाले. केतू, तू अशी धुरात बसल्यासारखी काय दिसतेस?"

मी पेणच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं पडद्याचे फोटो काढते. धागे, माशा, धूर हे शब्द रोज माझ्या कानांवर पडतात. 'घाबरू नका, डॉक्टर बघतील' हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. त्या दुपारी ते माझ्या तोंडून निघालं नाही. आईचा डावा डोळा गेल्या वर्षीच गेला होता, शस्त्रक्रिया करूनही परत आला नव्हता. आता उजव्यात रक्त उतरत होतं.

आई, हेमांगी मोकल, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती घडवणारे वेगळे, रंग देणारे वेगळे. डोळे आखणारं माणूस मात्र कारखान्यात एखाददुसरंच असतं. आता हजारो मूर्तींचे डोळे यंत्राचा हात काढतो, एका मिनिटात चार. तरी दोनशेसव्वादोनशे घरं अजून हटून बसलेली, आम्हाला हातानं आखलेलेच डोळे हवेत म्हणून. त्या मूर्ती कारखान्याचे मालक सुरेशशेठ आईकडे पाठवायचे. तिचा एक नियम होता. एक डोळा आखून उठायचं नाही. दोन्ही एका बैठकीत. मध्ये कुणी हाक मारली, दारावर पोस्टमन आला, तरी नाही. लहानपणी मला एकदा विंचू दिसला होता, तेव्हाही ती दुसरा डोळा संपवूनच उठली. विंचूही बिचारा थांबला होता.

डॉक्टर कर्णिक माझ्याच दवाखान्यातल्या. त्यांनी फोटो पाहिला आणि आईला समोर बसवून एका कागदावर दोन आडव्या रेघा काढल्या.

आईला जुना मधुमेह. मधुमेह म्हणजे साखर, एवढंच आपण धरून चालतो. पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्ताचा स्वभावच बदलतो. ते लवकर साकळतं, आणि साकळलेलं विरघळवायची शरीराची ताकद मंदावते. मोठ्या शिरांमध्ये याचा पत्ता उशिरा लागतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या नसा मात्र केसाहून बारीक. तिथे डोळ्याला न दिसणारी गुठळीसुद्धा वाट अडवते आणि पलीकडचा पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा मग नव्या नसा वाढवतो. घाईत बांधलेल्या भिंतीसारख्या त्या कच्च्या असतात, कधीही फुटतात. आणि फुटलेली नस बुजवायला कोण येतं? गुठळीच. म्हणजे जिनं डोळा उपाशी मारला, तिच्यावाचून डोळा वाचतही नाही.

हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. नवीन होता तो 'पहारा'. दंडावर चिकटवलेली रुपयाएवढी चकती. तिची सुई शिरेतलं रक्त दर पंधरा मिनिटांनी तपासते आणि रक्त किती साकळू पाहतंय ते एका आकड्यात सांगते. त्या आकड्याला आम्ही साकळांक म्हणतो. चकतीतच गुठळी विरघळवणारं औषध असतं. आकडा ठरवून दिला की तो राखण्यापुरतं औषध ती थेंबाच्या हिश्श्यानं सोडते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईच्या पोटरीत गुठळी झाली होती. तेव्हापासून ही चकती तिच्या दंडावर होती.

"ही वरची रेघ डोळ्याची," कर्णिकबाई म्हणाल्या. "साठच्या खाली गेलं की तुमच्या कच्च्या नसा फुटणार. आणि ही खालची जिवाची. पंचावन्नच्या वर गेलं की पायात पुन्हा गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर आपल्या हातात फार वेळ नसतो. बऱ्याच जणांत डोळ्याची रेघ जिवाच्या रेघेखाली असते, मध्ये जागा मिळते. तुमच्यात आता ती उरली नाही."

आईनं कागद नाकाजवळ नेला. "म्हणजे दोघांतलं एक."

"हो."

"खाली ठेवलं तर डोळा किती दिवस?"

"दोनतीन महिने. मग उजेड-अंधार कळेल."

"आणि वर ठेवलं तर?"

"चौसष्टवर डोळा तग धरेल. पण शंभरातल्या अकरा जणांना वर्षभरात गुठळी होते."

"एकोणनव्वद जणांना काही होत नाही म्हणा की."

"हेमांगीताई, ते वर्षभराचं झालं."

"वर्ष कुणाला हवंय? केतू, चतुर्थीला किती दिवस आहेत?"

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून कर्णिकबाईच म्हणाल्या, "एक्केचाळीस."

"मग एक्केचाळीस दिवस चौसष्ट. पुढे तुम्ही म्हणाल तितकं पातळ करा. पाण्यासारखं करा."

पहाऱ्याचा एक नियम आहे. डॉक्टरांनी मर्यादा आखून दिली की आकडा हलवायला फोनवर दोन अंगठे लागतात, एक रुग्णाचा आणि एक घरच्या माणसाचा. घरी येऊन आईनं फोन बाबांसमोर धरला. बाबांनी दोन्ही हात काखेत घातले.

"मी नाही देणार."

"अहो, एवढा मोसम निघू दे."

"मला तू आंधळी चालशील."

"मला नाही चालणार," आई म्हणाली.

माझा नवरा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने मी आणि रेणू इथेच. त्यामुळे आईखेरीज घरात अंगठे तीनच, आणि रेणूचा चालत नव्हता.

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले तर आई खिडकीजवळ पाटावर बसली होती. समोर मूर्ती नव्हती, हात मांडीवर उताणे. हात रिकामे ठेवून बसलेली आई मी कधी पाहिली नव्हती. ती मला आजारी वाटली नाही, पाहुणी वाटली. मी चप्पल न काढताच तिच्याजवळ गेले आणि अंगठा दिला.

"गुणाची बाय माझी," ती म्हणाली आणि लगेच, "आता सुरेशशेठला फोन लाव. म्हणावं, मूर्ती पाठवा, मेली नाही मी."

आठवड्यात धागे विरले, धूर ओसरला. आईनं रेणूला समोर उभं करून तिच्या भुवया, गालावरचा तीळ, पडलेल्या दाताची खिडकी असं सगळं बोट लावून तपासलं. मग मला म्हणाली, "नाकावर गेलीय तुझ्या. बिचारी."

ते दिवस चांगले होते. हे लिहायला मला जड जातं, पण होते. रेणूची बालवाडी सुटली की ती आजीबरोबर कारखान्यात जायची. आई तिला पांढरा रंग घोटायला द्यायची. आधी पांढरा, मग बुबुळ, मग पापणीची रेघ, आणि शेवटी बुबुळात एक पांढरा ठिपका. "हा टाकला ना, की तो बघायला लागतो," असं रेणू मला रोज जेवताना सांगायची, जणू मला माहीतच नव्हतं.

मी मात्र बदलले. सकाळी उठले की आधी फोन बघायचे, मग आई. त्रेसष्ट. चौसष्ट. चौसष्ट. एकदा पासष्ट दिसलं आणि मी दवाखान्यातून धावत आले. आई दारात वाटाणे सोलत होती.

"इतकी धापा टाकत? तुझाच आकडा बघ आधी."

"आई, थट्टा नको."

"मग त्या डबड्याला काय विचारतेस? मी इथे बसलेय, मला विचार."

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. आईसाठी मात्र कर्णिकबाईंचा कागद त्यांनी पाठ केला होता. दर तासाला उठवून चालवणं, पायाला पट्ट्या, पाणी भरपूर. आई कारखान्यात गेली की तेही मागोमाग तांब्या घेऊन जायचे. कारखान्यातल्या बाया हसायच्या. "आले बघा हेमाच्या इंजिनात पाणी भरायला!" बाबा खाली मान घालून तांब्या ठेवायचे आणि निम्मा झाल्याशिवाय हलायचे नाहीत.

हरतालिका जवळ आली तेव्हा मी चार दिवस आधीपासून तयारीला लागले. माझी भीती साखरेची होती. दिवसभर पोटात काही नाही आणि इन्सुलिनची सुई नेहमीइतकीच घेतली तर साखर एकदम उतरेल, ती चक्कर येऊन पडेल. पहारा साखरेचाही हिशेब ठेवतो, म्हणून त्याच्या नोंदीत मी 'उपवास' लिहिलं. यंत्रानं इन्सुलिनचं माप कमी करून दिलं. मी ते कर्णिकबाईंना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. आईला मी बजावलं, गरगरलं तर साखरेचा खडा तोंडात टाकायचा, देव रागावणार नाही. ती हो म्हणाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी आम्ही वाळूची पिंड केली. रेणूनं पत्री वाहिली, आघाडा कुठला आणि तेरडा कुठला यावरून आजीशी भांडली. मी चहा घेतला. रेणू पोटात असल्यापासून मी या दिवशी खाते-पिते. आईनंच तसं ठरवून दिलंय, लेकुरवाळीनं कोरडं राहू नये म्हणून. ती स्वतः कोरडी राहायची. लग्नाआधीपासून. पहाटेपासून दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बाबांनी, पाच आठवडे तांब्या घेऊन मागे फिरणाऱ्या बाबांनी, त्या सकाळी तांब्या घासून फळीवर पालथा घातला. दर हरतालिकेला घालतात तसाच. मी ते पाहिलं. पाहिलं आणि डबा घेऊन दवाखान्यात गेले.

दुपारी दीडला फोन वाजला. एकाहत्तर.

मी आधी आकडा पुन्हा बघितला, चुकलं असेल म्हणून. मग आईला फोन लावला. मागे झांजा वाजत होत्या, लोक मूर्ती न्यायला आले होते.

"आई, काय करतेस?"

"शेवटची आहे. आपलीच. एक डोळा झालाय."

"बरं वाटतंय का?"

"पोटरी जरा ओढल्यासारखी झालीय. बसून बसून असेल."

"आई, लगेच पाणी पी. दोन भांडी पी."

मग साध्या आवाजात, मी काहीतरी वेड्यासारखं बोलल्यागत, तिनं विचारलं, "आज?"

त्या एका शब्दानं मला सकाळचा पालथा तांब्या आठवला. रक्तातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं. हे मी रोज पेशंटांना सांगते. चकती औषध सोडत होती, ठरल्या मर्यादेपर्यंत सगळं सोडून झालं होतं. त्याच्या पुढे जायला तिला दोन अंगठे हवे होते. यंत्राला साखरेबद्दल सांगितलं होतं, ते त्यानं चोख सांभाळलं. पाण्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्हा तिघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. ज्या घरात हा दिवस असाच असतो, त्या घरात हा दिवस असा असतो हे कुणाला दिसणार?

"आई, मी पाया पडते तुझ्या, पी."

"बरं. दुसरा डोळा करते आणि चूळ भरते. तू ओरडू नकोस, हात हलतो माझा." तिनं फोन ठेवला.

मी कर्णिकबाईंना हाक मारली, रुग्णवाहिका पाठवायला सांगितलं आणि रस्त्यावर आले. रिक्षा मिळाली, पण रस्ता मूर्तींनी भरलेला. डोक्यावर पाट, पाटावर रुमालानं झाकलेले गणपती, पुढे पोरं ओरडत चाललेली. रिक्षावाला हॉर्नही वाजवत नव्हता. अशा दिवशी कोण वाजवतं? मी उतरून पळाले.

आई भिंतीला टेकून बसली होती. कुंचला धुऊन वाटीत आडवा ठेवला होता. मूर्तीचे दोन्ही डोळे झाले होते. रेणू तिच्या मांडीला चिकटून बसली होती. आईचे ओठ निळसर झाले होते आणि श्वास वरवर, घशापर्यंतच जात होता.

"झाला बघ," ती म्हणाली.

रुग्णवाहिकेत कर्णिकबाई फोनवर होत्या. "सगळं औषध सोड, केतकी. मर्यादा काढलीय मी. अंगठे दे." मी माझा अंगठा ठेवला. मग आईचा हात उचलला. अंगठ्यावर पांढरा रंग वाळलेला होता, यंत्र तो घेईना. मी पदरानं पुसला, थुंकी लावून पुसला, पुन्हा दाबला. घेतला.

आकडा उतरायला लागला. एकोणसत्तर. चौसष्ट. एकसष्ट. चोपन्नला तो हिरवा झाला. तिचा हात माझ्या हातात होता. रुग्णवाहिकेबरोबर आलेला मुलगा तिच्या छातीवर दाब देत होता, आणि समोर पडद्यावर हिरवा आकडा स्थिर दिसत होता. यंत्राच्या मते माझी आई सुरक्षित होती. पनवेलच्या अलीकडेच त्या मुलानं हात थांबवले.

सुतकामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. सुरेशशेठनी ती मूर्ती कारखान्यातच ठेवून घेतली. दिवस झाल्यावर एका सकाळी बाबा माझ्यासाठी चहा घेऊन आले. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी तुझ्याशी धड बोललो नाही महिनाभर," ते म्हणाले. "अंगठा तू दिलास म्हणून." कप खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. "तांब्या तर मीच पालथा घातला गं."

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं तशीच बसलो. चहावर साय धरली.

मी कामावर परत गेले. कर्णिकबाईंनी कंपनीला लिहिलं होतं. आता पहारा रोज सकाळी सगळ्यांना एक जास्तीचा प्रश्न विचारतो, 'आज पाणी पिणार आहात ना?' कुणी नाही म्हटलं की तो दवाखान्याला कळवतो. परवा एक आजी रागावून मला म्हणाली, "काय हे मेलं, आता देवाधर्मातपण नाक खुपसतंय." मी तिला पाणी दिलं. तिनं भांडं हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे, मुकाट्यानं सगळं प्याली.

रेणूनं आजीबद्दल काहीच विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, पाच वर्षांचं पोर आहे, विसरेल हळूहळू. पण ती पाणी प्यायची कमी झाली होती. बालवाडीची बाटली रोज भरलेली परत यायची. मी आधी रागावले, मग लाडीगोडी केली, मग सरबत करून दिलं. ती एक घोट घ्यायची आणि बाटलीचं झाकण लावायची.

आज संध्याकाळी मी तिच्या वेण्या सोडत होते. ती पाठमोरी बसली होती, त्यामुळे तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

"आई, आजीचा घसा कोरडा पडला होता."

माझे हात थांबले. "कधी गं?"

"दुसऱ्या डोळ्याच्या वेळी. ती अशी अशी करत होती." तिनं गिळून दाखवलं. "मी माझी बाटली दिली. तिनं झाकण उघडलं. बघितलं आत. मग म्हणाली, मला नको बाय, तू पी. आत एवढंसंच पाणी होतं. मी सगळं पिऊन टाकलं."

मी कंगवा खाली ठेवला. तिला माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळेना. तिचे खांदे ताठ होते.

"आई," ती म्हणाली, "मी थोडं ठेवलं असतं, तर ती प्यायली असती?"